मर्जानबीची मोजणी

शके सतराशे अठ्ठ्याण्णव, मार्गशीर्ष वद्य नवमी. वारा पडलेला होता आणि सांबरखोलच्या खाडीवर असं धुकं उतरलं होतं, की धक्क्यावर उभ्या माणसाला स्वतःच्या हातातली काठी अर्धीच दिसत होती. पाणी दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. त्या सकाळी तिवरांच्या झाडांवरून एकही बगळा उडाला नाही, असं म्हणतात.

खाडीच्या अलीकडे सांबरखोल आणि पलीकडे मोहोरबंदर. बाजार पलीकडे, वैद्य पलीकडे, खोताची मिठागरंही पलीकडेच. मधे अर्ध्या कोसाचं पाणी. ते ओलांडायला एक तर होती, म्हणजे माणसं वाहणारी रुंद होडी, आणि ती वल्हवणारा पोशा नावाडी होता. पोशाचा बाप नावाडी होता, आजाही नावाडीच होता. पोशाला खाडीचा तळ स्वतःच्या अंगणासारखा ठाऊक होता. भरती कुठे वळते आणि ओहोटी कुठे ओढते, हे तो डोळे मिटून सांगायचा.

तरीत तीन फळ्या होत्या आणि एकेका फळीवर चार माणसं बसायची. होडीच्या बाहेरच्या अंगाला चुन्याची रेघ ओढलेली होती. बारा माणसं बसली, की पाणी बरोबर त्या रेघेला टेकायचं. पोशा वाकून रेघ बघायचा, "बारा" म्हणून हाळी द्यायचा, आणि मग ओझं चढायचं. तीन पिढ्यांची हीच रीत होती. आधी माणसं, मग रेघ, मग ओझं. ओझं म्हणजे भाताची पोती, कोंबड्यांची खुराडी, एखाददुसरी शेळी. आणि सिद्दी.

गावाबाहेर, तिवरांच्या कडेला सिद्द्यांचा पाडा होता. त्यांच्या पूर्वजांना किती पिढ्यांमागे समुद्रापलीकडून, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, जहाजात घालून आणलं होतं, हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. तिकडची भाषा ते विसरले होते. बोलायचे ते सांबरखोलचीच बोली, खायचे तोच भात आणि तीच सुकी मासळी. पण अंग काळंभोर होतं, केस दाट कुरळे होते, एवढ्यावरून गाव त्यांना हबशी म्हणायचं. ते रागानं म्हणायचं असंही नाही. झाडाला झाड म्हणावं तसं म्हणायचं, आणि तरीच्या तळात पोत्यांच्या बाजूला बसवायचं.

पाड्यात मर्जानबी नावाची बाई होती. पन्नाशीला आलेली, उंच, कमी बोलणारी. पाड्यातली बाळंतपणं ती करायची, मेलेल्या बायकांना न्हाऊ ती घालायची, आणि दोन घरांत भांडण झालं तर दोन्ही घरं तिच्याच ओट्यावर येऊन बसायची. एकदा बाजाराच्या दिवशी ती तरीच्या तळात बसली होती. पोशानं रेघ बघून "बारा" म्हटलं, तेव्हा तिनं खालून विचारलं,

"पोशा, मी कितवी रे?"

पोशा हसला. "बी, ओझं कुणी मोजतं का?"

फळीवरची माणसंही हसली. त्यात वाईट काही आहे, असं पोशाला तेव्हा वाटलं नाही. मर्जानबी उठली, धक्क्यावर उतरली, आणि त्यानंतर त्या तरीत तिनं पाय ठेवला नाही.

खाडीला वळसा घालून मोहोरबंदरला जायचं, तर करवंदीच्या जाळ्यांतून सात कोसांची वाट होती. मर्जानबी त्या वाटेनं चालत जाऊ लागली. गावातल्या बायका पाणवठ्यावर म्हणायच्या, निघाली गं मर्जानबी, खाडी आटेपर्यंत पोचेल. ती ऐकून घ्यायची आणि चालायची. दुसऱ्या वर्षी तिच्यामागून चारजण चालू लागले. तिसऱ्या वर्षी निम्मा पाडा चालू लागला. मिठागरावर माणसं उशिरा पोचू लागली, म्हणून विसाजी खोतानं तिला बोलावून विचारलं, की हे काय खूळ काढलंयस. ती म्हणाली, फळीवर बसवा आणि मोजा, उद्यापासून वेळेवर येतो. खोतानं तिला हात हलवून घालवून दिलं.

अशी पाच वर्षं गेली. आणि मग ती नवमी आली.

मर्जानबीची लेक नूरन चार दिवस तापानं फणफणत होती. तिला पलीकडच्या वैद्याकडे न्यायचं होतं आणि सात कोस चालणं तिला शक्य नव्हतं. ती आईला म्हणाली, अम्मा, एक दिवस बसते तळात, एका दिवसानं काय होतंय. मर्जानबीनं तिला अडवलं नाही, पण स्वतःही तरीत बसली नाही. ती उजाडायच्या आधीच वळशाच्या वाटेनं निघाली. नूरनबरोबर तिचा नवरा अंबर, अंबरची आई खातून, आणि बाजाराला निघालेले याकूत आणि रैहान हे दोघे भाऊ होते. असे पाचजण तळात उतरले. वर भाताची अकरा पोती चढली.

पोशानं रेघ आधीच बघितली होती. "बारा," त्यानं हाळी दिली आणि तर ढकलली.

खाडीच्या मध्यावर ती बुडाली. वारा नव्हता, खडक नव्हता, लाट नव्हती. धुक्यात म्हैस पाण्यात बसावी तशी तर बसली, असं पोशा पुढे मरेपर्यंत सांगायचा. आधी काठावरून पाणी आत आलं, मग काठच दिसेनासा झाला.

आरडाओरडा ऐकून कोळ्यांच्या होड्या धावल्या. पोशा वाचला. फळ्यांवरच्या बारांपैकी नऊजणांना वर काढलं. तिघांची प्रेतं दोन दिवसांनी तिवरांत सापडली आणि गावानं त्यांचं सगळं रीतसर केलं. पोत्यांखालचे पाचजण वर आले नाहीत. त्यांची प्रेतं मिळाली नाहीत, अंगावरचं फडकंही मिळालं नाही.

तिसऱ्या दिवशी चावडीवर पंच बसले. विसाजी खोतानं विचारलं, "पोशा, किती बसले होते?"

"बारा, धनी," पोशा म्हणाला.

खोटं बोलावं म्हणून तो बोलला नाही. त्याच्या तोंडाला तोच आकडा होता, बापाच्या तोंडाला होता, आजाच्या तोंडाला होता. कारकुनानं कागदावर लिहिलं, की बारा बसले, नऊ वाचले, तीन बुडाले. आकडा जुळला. तर नेमानं भरलेली होती, नावाड्याचा दोष नाही, असंही खाली लिहिलं.

मर्जानबी अंगणात उभी होती. तिच्या हातात जाळं विणायच्या सुताची एक दोरी होती आणि दोरीला गाठी मारलेल्या होत्या. ती दोरी तिच्या आजीची होती. त्या तरीतून पाड्यातलं जे कोणी पाण्यात गेलं, त्याची एक गाठ, असा त्या घराचा नेम होता. शेवटच्या पाच गाठी नव्या होत्या, सूत अजून पांढरं दिसत होतं.

"सतरा होते," ती म्हणाली.

खोतानं वर बघितलं. "हबशी धरून म्हणतेस होय?"

"माणसं धरून म्हणते."

खोत म्हणाला, कागद झाला आता. मर्जानबीनं पोशाकडे बघितलं. पोशा खाली बघत होता. त्याच्या पायाच्या बोटांत अजून खाडीचा चिखल होता, तो काढत बसला.

इथून पुढे जे झालं, ते सांबरखोलात आजही हलक्या आवाजात सांगतात.

ओहोटीच्या वेळी तर वर काढली. सुतारानं तिच्या फटी बुजवल्या, रेघ नव्यानं ओढली. पौष लागला, आणि पहिल्या धुक्याच्या सकाळी पोशानं माणसं बसवायला घेतली. सात बसली. आठवं माणूस पाय ठेवतंय तोच पोशानं वाकून बघितलं, तर पाणी रेघेच्या वर होतं. त्यानं पुन्हा मोजलं. सातच होती. त्यानं आठव्याला मागे घेतलं, पाणी रेघेला टेकलं. कुठे गळतंय का म्हणून त्यानं आतून हात फिरवून बघितलं. होडी कोरडी होती. फक्त तळात, जिथे पोती ठेवायचे तिथे, पाच ओले डाग होते. माणूस बसल्यावर जेवढी जागा धरतं, तेवढा एकेक डाग. पोशानं ते पुसले. पलीकडे पोचेपर्यंत ते पुन्हा उमटले होते.

बारातून सात गेले की किती उरतात, हे पोशाला कळलं. त्यानं कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या धुक्यात पाचच माणसं मावली. त्याच्या पुढच्या वेळी तीन. गोदा कासारीण त्या फेरीला होती. मांडीवर बांगड्यांची माळ घेऊन ती पहिल्या फळीवर बसली होती. धुकं इतकं होतं, की शेजारचं माणूस दिसत नव्हतं. मध्यावर आल्यावर कुणीतरी तिच्या हातात मनगट दिलं. गोदानं सवयीनं बोटं दाबून माप घेतलं आणि चार हिरव्या बांगड्या चढवल्या. हात थंड होता, म्हणून ती म्हणाली, अगं, ताप उतरल्यावर असंच होतं. मग तिच्या लक्षात आलं, की या फेरीला आपल्याशिवाय तरीत बाई नाही. धक्क्यावर उतरल्यावर तिनं माळ मोजली. चार बांगड्या कमी होत्या. गोदानं त्यानंतर सांबरखोलात धंदा केला नाही, असं म्हणतात.

खोतानं कोळ्यांच्या होड्या आणवल्या. त्याही तशाच बसल्या. मग मोहोरबंदराहून देवऋषी बोलावला. तो सात कोसांच्या वाटेनं आला, कारण तरीत बसायला तयार नव्हता. त्यानं लिंबं कापली, नारळ फोडला, कोंबडा उतरवला आणि सगळं तरीच्या तळात ठेवून दिलं. तर आणखी दोन बोटं खाली गेली. देवऋषी म्हणाला, माघाच्या सुरुवातीला उतरेल सगळं, आणि आला तसाच चालत गेला.

उतरलं नाही. पौष संपताना तर रिकामी उभी असली, तरी पाणी रेघेला टेकलेलं असायचं. पोशा धक्क्यावर बसून तिच्याकडे बघत राहायचा. बारा माणसं बसल्यासारखी ती डुलायची, आणि तिन्ही फळ्या मोकळ्या असायच्या.

माघ शुद्ध सप्तमीला विसाजी खोताच्या मुलीचं, यमुनेचं, लग्न होतं. मांडव अलीकडे सांबरखोलात आणि मुहूर्त गोरज. देवऋषीच्या शब्दावर खोत निर्धास्त होता. सप्तमीला सकाळी उजाडलं तेव्हा धुकं होतं. पलीकडच्या काठावर वऱ्हाड येऊन थांबलं होतं. ते दिसत नव्हतं, सनई मात्र ऐकू येत होती. वळशाच्या वाटेनं म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन वऱ्हाड आणायचं, तर दुसरा दिवस उजाडला असता. मुहूर्त चुकला तर नवरदेव परत जाणार, असा निरोप कोळ्यांनी काठाकाठानं ओरडून पोचवला होता.

खोतानं पोशाला फर्मावलं, तर हाकार. पोशा म्हणाला, धनी, ती माझं ऐकत नाही. मग कुणाचं ऐकते, असं खोतानं विचारलं. तेव्हा पोशानं पाड्याच्या दिशेला बघितलं.

मर्जानबी ओट्यावर बसून बोंबील निवडत होती. पोशा अंगणात उभा राहिला. तिथूनच म्हणाला,

"बी, तर उचलत नाही."

"किती बसलेत?"

"रिकामी आहे, आणि बाराच्या रेघेला आहे."

मर्जानबीनं हात धुतले, आतून दोरी आणली आणि एकेक गाठ बोटांतून सरकवली. बारा भरल्या. "बरोबर आहे," ती म्हणाली.

"मी सतरा म्हणायला हवं होतं," पोशा म्हणाला.

"हवं होतं."

एवढंच बोलून तिनं डोक्यावर पदर घेतला आणि ती त्याच्या पुढे चालू लागली.

धक्क्यावर सगळं गाव होतं. तिनं खोताला तीन गोष्टी सांगितल्या. चावडीचा कागद बदलायचा आणि सतरा लिहायचे. आजपासून तरीच्या तळात माणूस बसणार नाही, पाड्यातला नाही आणि गावातलाही नाही. आणि आज मोजणी खोतानं करायची, तरीत बसून, स्वतःच्या तोंडानं, नावं घेऊन.

खोताचा चेहरा लाल झाला. "हबशीण मला अटी घालणार?"

"अट कसली, रीत सांगते," मर्जानबी म्हणाली. "नाही तर चालत जा. सात कोस आहेत. वाट मला विचारा, पायाखालची आहे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. पलीकडे सनई थांबली होती. खोतानं धुक्याकडे बघितलं, मग कारकुनाला हाक मारली. कारकुनानं तिथेच गुडघ्यावर कागद धरून लिहिलं, की सतरा बसले, नऊ वाचले, आठ बुडाले. मर्जानबीला वाचता येत नव्हतं. तिनं कारकुनाला ते तीनदा वाचून दाखवायला लावलं.

मग ती तरीत चढली आणि मधल्या फळीवर बसली, खोताच्या नेहमीच्या जागेशेजारी. खोत चढला. पोशा चढला. तर दबली, रेघ पाण्याखाली गेली आणि काठ पाण्यापासून चार बोटांवर राहिला. पोशानं वल्हं मारलं. दहा हातांवर धक्का दिसेनासा झाला.

मध्यावर वल्हं अडलं. पाण्यात कुणी दोन्ही हातांनी धरून ठेवावं तसं अडलं. मर्जानबी म्हणाली, मोजा.

खोतानं घसा साफ केला. "पाच हबशी," तो म्हणाला.

तर सरळ खाली गेली. काठावरून पाणी आत आलं आणि खोताच्या पायांवर चढलं, आणि ते माघातल्या पाण्याहून थंड होतं, असं म्हणतात. खोतानं फळी घट्ट धरली. मर्जानबी हलली नाही. तिनं दोरी मांडीवर घेतली आणि पहिली गाठ धरली.

"नूरन," ती हळूच म्हणाली.

"एक," खोत म्हणाला. "नूरन."

तळातून कुणीतरी उठल्याचा आवाज आला. ओल्या कपड्यांतून पाणी निथळलं, काकणं किणकिणली, आणि पहिली फळी करकरली. तर एक बोटभर वर आली. पोशाला धुक्याशिवाय काही दिसलं नाही.

"दोन. अंबर." फळी करकरली. "तीन. खातून." म्हातारं माणूस उठताना सोडतं तसा सुस्कारा ऐकू आला. "चार. याकूत. पाच. रैहान." हे दोघे एकदमच उठले, आणि तर दोन बोटं वर आली.

मर्जानबी जुन्या गाठींवर आली. ही पोशाच्या बापाच्या वेळची, ती त्याच्या आजाच्या वेळची. सुंबुल, सुरूर, फिरोजा, मुबारक, हलीमा, मसूद. खोत एकेक नाव घेत गेला. आता त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. तो नाव ऐकायचा, थांबायचा, पूर्ण उच्चारायचा आणि मग फळी वाजेपर्यंत वाट बघायचा. अकरा झाले. काठ पाण्याच्या बराच वर आला होता. पण वल्हं सुटलं नाही.

बारावी गाठ राहिली होती. दोरीच्या पार टोकाची, झिजून काळी पडलेली.

"हिचं नाव?" खोतानं विचारलं.

"माहीत नाही," मर्जानबी म्हणाली. "जहाज खाडीच्या तोंडाशी लागलं होतं. याच तरीत घालून काठावर आणत होते. एक पोर होती, ती पाण्यात गेली. तिला कुणी नाव विचारलं नव्हतं. माझ्या आजीच्या आजीनं गाठ मारून ठेवली, की ही एक होती."

तळातून काहीच आवाज आला नाही. एक ओला डाग होता, लहानसा.

"एक मुलगी, असं म्हणू का?" खोत म्हणाला. हे त्यानं खरोखरच विचारलं.

"तसं पोतंही मोजतात, एक पोतं म्हणून," मर्जानबी म्हणाली. तिनं पाण्याकडे बघितलं. "माझं नाव द्या तिला."

पोशा म्हणाला, "बी, मग तू कितवी?"

"मी चालत जाईन," ती म्हणाली.

खोत थांबला. त्याला मागे फिरता आलं असतं. धुक्यापलीकडे सनई पुन्हा सुरू झाली होती. मर्जानबीनं मान हलवली आणि खोतानं, ज्यानं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती त्यानं, ते नाव घेतलं.

"बारा. मर्जानबी."

तळातून लहान पावलं उठली. ती पोशाच्या जवळून गेली, त्याच्या घोट्याला थंडगार पाणी लागलं. मधली फळी करकरली. तर बुचासारखी वर आली, चुन्याची रेघ पाण्याबाहेर निघाली, आणि वल्हं इतकं अचानक सुटलं की पोशा मागे कलंडला.

तो सावरून बसला तेव्हा धुकं फाटत होतं. समोर मोहोरबंदरचा धक्का होता, वऱ्हाड्यांची पागोटी होती, घोड्यावर नवरदेव होता. मधल्या फळीवर विसाजी खोत एकटाच बसला होता. शेजारची जागा रिकामी आणि कोरडी होती. पाण्यात काही पडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला नव्हता. दोरी खोताच्या मांडीवर होती. ती सरळ होती, तिला एकही गाठ नव्हती.

वऱ्हाड चौदा फेऱ्यांत अलीकडे आलं. मुहूर्त चुकला नाही. चौदाही वेळा खोत धक्क्यावर उभा राहिला आणि प्रत्येक फेरीला पाण्याकडे बघत राहिला. लग्न लागल्यावर तो मांडवात बसला नाही. पोशाला घेऊन पाड्यावर गेला आणि मर्जानबीच्या ओट्यावर दोघे उजाडेपर्यंत बसून राहिले. निवडलेले बोंबील सुपात तसेच होते.

पाड्यातली माणसं वळशाच्या वाटेवर आठ दिवस हिंडली. काही सापडलं नाही. पण धुक्याच्या सकाळी करवंदीच्या जाळ्यांतून एक उंच बाई चालत जाते, आणि तिच्यामागे पुष्कळ पावलं वाजतात, असं म्हणतात. ज्यांनी ऐकली ते सांगतात, की ती पावलं घाईत नसतात.

पोशानं पुढे एकोणीस वर्षं तर वल्हवली. तळात त्यानं माणूस बसवला नाही. रेघ तो सगळ्यात शेवटी बघायचा, पोतं चढून झाल्यावर, शेळी चढून झाल्यावर. कुणी विचारलं, तर नवमीच्या दिवशी किती होते तेही सांगायचा, न विचारता पाचांची नावंही सांगायचा. विसाजी खोतानं चावडीवर पंच बसवून ठराव केला, की तरीचा पहिला मान मर्जानबीचा. सांबरखोलात मान कोणाचा यावरून डोकी फुटायची, पण या मानाला कुणी हरकत घेतली नाही. हबशीपाडा हे नाव त्या वर्षापासून बंद झालं. पाड्याला मर्जानपाडा म्हणू लागले. पाड्यातली माणसं फळीवर बसू लागली. पहिल्या वर्षी काहीजण अंग चोरून बसायचे, दुसऱ्या वर्षी नाही.

आता तिथे लाँच चालते. तिकीट फाडायच्या आधी लाँचचा माणूस धक्क्यावर उभा राहतो आणि मोठ्यानं म्हणतो, "एक, मर्जानबी." मग चढणारा प्रत्येकजण स्वतःचं नाव सांगतो आणि पुढचा आकडा घेतो. पाहुणे असोत, पोलीस असो, कडेवरचं मूल असो, नाव सांगितल्याशिवाय कुणी चढत नाही. मुलाचं नाव आई सांगते. ज्या मुलाचं बारसं व्हायचं आहे, त्याला तेवढ्यापुरतं धक्क्यावरच एक नाव देतात. मधल्या बाकावरची खिडकीकडची जागा मोकळी असते. माघ शुद्ध सप्तमीला त्या जागेवर हिरव्या बांगड्या ठेवतात, आणि त्या ठेवायचा मान एका वर्षी पाड्याचा, एका वर्षी खोतांच्या घराचा असतो.

लाँचवर पाटी आहे. पाटीवर लिहिलं आहे, चोवीस उतारू. गेल्या पौषात धुकं होतं, त्या दिवशी धक्क्यावर चोवीसजण उभे होते. तेवीस गेले. चोविसावे सांबरखोलचे सरपंच होते. ते दुसऱ्या फेरीनं गेले.